शुक्रवह स्रोतस : रचना, कार्य आणि चिकित्सालयातील परीक्षण

अपत्यप्राप्तीच्या आशेने दांपत्य चिकित्सालयात येते, तेव्हा कागदपत्रांची जाडजूड फाईल बहुधा पत्नीच्या हातात असते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका दांपत्याच्या फाईलमध्ये असंख्य सोनोग्राफी, दोन वेळा केलेली गर्भाशयनलिकांची तपासणी आणि एक दुर्बिणीची शस्त्रक्रिया इतके सारे होते. पतीच्या नावाचा कागद एकच, आणि तो म्हणजे औषधी दुकानातून आणलेल्या 'शक्तिवर्धक' कॅप्सूलचे बिल. विवाहास सहा वर्षे झाली होती. या सहा वर्षांत वीर्यपरीक्षण कोणीही सुचविले नव्हते.

आम्हीही प्रारंभी ते सुचविले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पतीची प्रकृती धष्टपुष्ट, अग्नी उत्तम, ध्वजोत्थानाविषयी काहीही तक्रार नाही. तेवढ्यावर आम्ही बीज निर्दोष मानले, पत्नीस फलघृत सुरू केले आणि पतीस अश्वगंधा व कवचबीजाचा पाक देऊन सात महिने वाट पाहिली. त्यानंतर करविलेल्या परीक्षणाचा अहवाल आला तो असा : वीर्याचे प्रमाण अर्धा मिलीलिटर, प्रतिक्रिया आम्ल, फ्रुक्टोज अनुपस्थित, शुक्राणू शून्य. मग आम्ही प्रथमच त्या गृहस्थांचे वृषणपरीक्षण केले. दोन्ही वृषण उत्तम आकाराचे होते. परंतु दोन्ही बाजूंस रेतोवाहिनी हातास लागेना. ती जन्मतःच नव्हती. कोणतेही वाजीकरण द्रव्य जन्मतः नसलेला मार्ग निर्माण करू शकत नाही.

हा अनुभव आल्यापासून पुरुषाच्या प्रजननसंस्थेची रचना आम्ही नव्याने वाचू लागलो. पदवी अभ्यासक्रमात शारीरस्थान आणि शवविच्छेदन या दोहोंतून आपण सारेच गेलेलो असतो. परंतु चिकित्सालयात या भागाचे परीक्षण संकोचामुळे मागे पडते आणि ज्ञान परीक्षेपुरते राहते. म्हणून हा लेखप्रपंच.

ग्रंथोक्त वर्णन

शुक्रवह स्रोतसाचे मूल सांगताना चरकाचार्यांनी वृषण आणि शेफ यांचा उल्लेख केला आहे. सुश्रुताचार्य मात्र वृषण आणि स्तन असे म्हणतात. एकाची दृष्टी काय-चिकित्सकाची, दुसऱ्याची शल्यविदाची, असे सांगून हा भेद मिटविण्याची प्रथा आहे; आम्हांस ती पुरेशी वाटत नाही. स्तनांचा उल्लेख का, याचे निर्णायक उत्तर टीकांतून मिळत नाही. परंतु चिकित्सालयात तो उपयोगी ठरतो एवढे निश्चित. ज्या पुरुषाचे वृषण लहान व घट्ट आहेत त्याची छाती अवश्य पाहावी. वृषण वाटाण्याहून किंचित मोठे, स्तनप्रदेशी वाढ, उंची अधिक व हातपाय लांब असे रूप दिसल्यास क्लाइनफेल्टर या व्याधीची शंका घ्यावी. १९४२ मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत पुरुषास एक एक्स गुणसूत्र अधिक असते. सुमारे सहाशे-सातशे पुरुषांत एकास ही अवस्था असते आणि अनेकांना ती वंध्यत्वाच्या तपासणीपर्यंत ठाऊकही नसते. स्तनातून दुग्धसदृश स्राव व सोबत कामेच्छेचा ऱ्हास असेल, तर मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथीकडे, म्हणजे पिट्युटरीकडे लक्ष गेले पाहिजे. सुश्रुतांना हेच अभिप्रेत होते असा दावा आम्ही करीत नाही. प्राचीन वचनात अर्वाचीन शोध बसविण्याचा उत्साह आपल्या नियतकालिकांत फार दिसतो. त्याने ग्रंथांचा गौरव होत नाही.

याउलट जेथे ग्रंथातील वर्णन प्रत्यक्ष शरीराशी जुळते तेथे ते ठामपणे सांगावे. वंक्षण आणि वृषण यांच्या मध्ये विटप मर्म असून तेथे आघात झाल्यास षांढ्य अथवा अल्पशुक्रता येते, असे सुश्रुत सांगतात. याच जागी वृषणरज्जू वंक्षणमार्गातून खाली उतरते आणि तिच्यात रेतोवाहिनी, वृषणधमनी, सिराजाल व वातनाड्या एकत्र बांधलेल्या असतात. बालपणी आंत्रवृद्धीची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषात रेतोवाहिनीस इजा पोहोचल्याची उदाहरणे अर्वाचीन शल्यतंत्रात नोंदलेली आहेत. त्यामुळे वंध्यत्वाच्या इतिहासात 'लहानपणी जांघेत शस्त्रक्रिया झाली होती काय' हा प्रश्न विसरू नये. अश्मरीच्या शस्त्रकर्मात जपावयाच्या आठ अवयवांत सुश्रुतांनी शुक्रवह व मुष्कस्रोत यांची गणना केली आहे. शुक्रवहाच्या छेदाने मरण किंवा क्लैब्य, मुष्कस्रोताच्या उपघाताने ध्वजभंग, असे परिणामही वेगवेगळे दिले आहेत. बीजवहनाचा मार्ग व उत्थानाचा मार्ग भिन्न असल्याची ही जाणीव आहे. या भेदाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

बस्तिद्वाराच्या खाली दोन अंगुलांवर, उजव्या बाजूस, मूत्रमार्गातून शुक्राची प्रवृत्ती होते, असेही वचन आहे. बस्तीच्या खाली मूत्रमार्गातच शुक्र प्रवेश करते हे तंतोतंत खरे आहे. मात्र प्रवेशद्वारे दोन आहेत, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस. 'दक्षिण' या शब्दाचा समन्वय लावण्यासाठी पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्ही ती येथे वाढवीत नाही.

वृषण

मांस, रक्त, कफ व मेद यांच्या प्रसादापासून वृषण उत्पन्न होतात, असे सुश्रुतमत आहे. प्रत्यक्षात प्रौढ पुरुषाच्या वृषणाचे आकारमान साधारणपणे पंधरा ते पंचवीस मिलीलिटर असते. मोजण्यासाठी अंडाकृती मण्यांची माळ मिळते. ती नसल्यास साध्या मोजपट्टीने लांबी पाहिली तरी चालते. चार सेंटिमीटरहून कमी लांबीचा वृषण लहान समजावा. आकारमानाचा बहुतांश भाग शुक्रनलिकांनी व्यापलेला असल्यामुळे लहान वृषण म्हणजे बीजनिर्मितीचे क्षेत्रच अल्प, असा सरळ अर्थ होतो. आमच्या रुग्णाचे वृषण उत्तम आकाराचे होते. म्हणजे बीज तयार होत होते, बाहेर येत नव्हते. हा एवढा विचार आम्ही पहिल्या दिवशी केला असता!

वृषणाच्या आत सुमारे अडीचशे कप्पे असून प्रत्येकात एक ते चार वळणावळणाच्या शुक्रनलिका असतात. या नलिकांच्या भिंतीत सर्टोली पेशी धात्रीप्रमाणे बीजपेशींचे पोषण करतात. नलिकांच्या मधल्या जागेतील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हा स्राव निर्माण करतात. दाढीमिशा, स्वर, मांसबल, कामेच्छा हे सारे दुसऱ्या कार्यावर अवलंबून. अपत्य पहिल्या कार्यावर. दोन्ही कार्यांवर पीयूषिकेचे नियंत्रण आहे, आणि पहिले कार्य चालण्यासाठी वृषणातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट असावे लागते.

यातून निघणारा एक व्यावहारिक निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यास पीयूषिका आपले प्रेरक स्राव थांबवते, वृषण स्वतःचे काम सोडतो आणि शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. व्यायामशाळेत जाणारा, भरदार स्नायूंचा तरुण अल्पशुक्राणुतेची तक्रार घेऊन आला, तर 'कोणती इंजेक्शने घेतलीत?' हे एकांतात विचारावे. अशा रुग्णात पहिली चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन. बीजनिर्मिती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

कालाचा विचार करू. आहाररसापासून शुक्रापर्यंत परिणमन होण्यास एक मास लागतो, असे सुश्रुत म्हणतात. इतर मतेही आहेत. अर्वाचीन गणनेनुसार मूळ बीजपेशीपासून शुक्राणू घडण्यास सुमारे चौऱ्याहत्तर दिवस आणि त्यानंतर अधिवृषणातून पुढे सरकण्यास आणखी काही दिवस लागतात. शुक्रधातूच्या पोषणक्रमाचा काल व शुक्राणूच्या घडणीचा काल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची ओढाताण करू नये. परंतु औषधाचा परिणाम वीर्यपरीक्षणात पाहावयाचा असेल, तर तीन महिन्यांपूर्वी पाहणे निरर्थक आहे. पंधरा दिवसांनी अहवाल मागवून औषध बदलणारे चिकित्सक आम्हांस माहीत आहेत. त्याचप्रमाणे टायफॉइड, डेंग्यू यांसारखा तीव्र ज्वर येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी आलेला अहवाल त्या ज्वराचा असतो, पुरुषाचा नव्हे. तो पुन्हा करवावा.

बीजनिर्मितीस शरीराच्या अंतर्भागाहून दोन ते तीन अंश कमी तापमान लागते. म्हणूनच वृषण उदरगुहेबाहेर फलकोशात लोंबतात, आणि धमनीभोवती गुंडाळलेले सिराजाल आत येणाऱ्या रक्तास थंड करते. बॉयलरवर, भट्टीवर, बेकरीत काम करणारे, दिवसभर गरम इंजिनजवळ बसून वाहन चालविणारे यांच्यात या गोष्टीची चौकशी करावी. हेच सिराजाल फुगले की अर्वाचीन भाषेत व्हेरिकोसील होते. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण सुमारे पंधरा टक्के, तर वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत पस्तीस ते चाळीस टक्के आढळते. ते बहुतेक डाव्या बाजूस असते, कारण डावी वृषणसिरा काटकोनात वृक्कसिरेस मिळते व तिची लांबीही अधिक असते. रुग्णास उभे करून, जोर करावयास सांगून तपासल्याखेरीज ते सापडत नाही. निजवून तपासलेला रुग्ण 'निर्दोष' ठरतो. केवळ उजव्या बाजूस, अल्पावधीत उत्पन्न झालेले आणि निजल्यावरही न उतरणारे सिराजाल मात्र उदरातील अर्बुदाची सूचना असू शकते. तेथे सोनोग्राफी टाळू नये.

मार्ग आणि वीर्याचे घटक

वृषणाच्या मागील बाजूस चिकटलेला अधिवृषण ही प्रत्यक्षात सुमारे सहा मीटर लांबीची, गुंडाळून काही सेंटिमीटरांत बसविलेली एकच नलिका आहे. येथून जाताना शुक्राणू चलनक्षम होतात. अधिवृषणास गाठी, रेतोवाहिनी जपमाळेसारखी मणीदार, फलकोशाच्या मागे बरी न होणारी नाडी असे रूप दिसल्यास क्षयाची शंका घ्यावी. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. अशा रुग्णास 'वृद्धी' म्हणून लेप लावीत बसणे हा त्याच्यावर अन्याय होय.

अधिवृषणापासून निघालेली रेतोवाहिनी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत सुतळीसारखी घट्ट लागते. एकदा ओळखली की ती विसरत नाही. वंक्षणमार्गाने वर चढून, बस्तीला मागून वळसा घालून ती खाली येते आणि रेताशयाच्या नलिकेस मिळते. दोहोंच्या संयोगाने झालेली स्खलननलिका अष्ठीला ग्रंथीतून पार होऊन मूत्रमार्गात उघडते. प्रोस्टेटला मराठीत पुरःस्थ ग्रंथी, पौरुष ग्रंथी अशीही नावे रूढ आहेत. आम्हांस अष्ठीला हेच नाव पसंत आहे. मूत्राघातांतील वाताष्ठीलेचे गुद व बस्ती यांच्या मधील कठीण, उन्नत ग्रंथी हे वर्णन वृद्ध पुरुषास बोटाने तपासणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहे.

आता वीर्य कशाचे बनते ते पाहू. कारण येथे रुग्णाचा आणि क्वचित चिकित्सकाचाही मोठा गैरसमज असतो. एका वेळच्या वीर्यात वृषण व अधिवृषण यांचा वाटा केवळ दोन ते पाच टक्के असतो. सुमारे दोन तृतीयांश किंवा अधिक भाग रेताशयांतून येतो. तो क्षारधर्मी असून त्यात फ्रुक्टोज ही शर्करा असते. उरलेला पाव हिस्सा अष्ठीला ग्रंथीचा. तो किंचित आम्ल असून त्यात जस्त व सायट्रिक आम्ल असते, आणि त्यातील विकरांमुळे गोठलेले वीर्य अर्ध्या तासात पातळ होते. म्हणजे वीर्य घट्ट की पातळ, कमी की अधिक, यावरून त्यात बीज आहे की नाही हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. नसबंदी झालेल्या पुरुषाचे वीर्य पूर्ववत दिसते ते याच कारणाने. नसबंदीने 'कमजोरी' आली असे म्हणणाऱ्या रुग्णास हे टक्केवारीसह समजावून सांगावे. आम्ही कागदावर चित्र काढून दाखवितो आणि त्याचा औषधापेक्षा अधिक उपयोग होतो. या विषयावर उघडपणे बोलण्याचा आरंभ मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढून आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून केला होता. शंभर वर्षांनंतरही चिकित्सालयात आवाज खाली जातोच.

आमच्या रुग्णाचा अहवाल आता उलगडतो. रेतोवाहिनी व रेताशय गर्भावस्थेत एकाच मूळ नलिकेपासून घडतात. एक नसेल तर बहुधा दुसराही नसतो अथवा अपुरा असतो. रेताशय नाही म्हणून प्रमाण अल्प व फ्रुक्टोज अनुपस्थित. केवळ अष्ठीलेचा स्राव आला म्हणून प्रतिक्रिया आम्ल. अहवालाच्या चार ओळींत संपूर्ण शारीर लिहिलेले होते. अशा रुग्णांत कधी एका बाजूचे वृक्कही नसते, म्हणून सोनोग्राफी करवावी. आणि अनेकांत सिस्टिक फायब्रोसिस या व्याधीशी संबंधित जनुकदोष असतो, म्हणून अपत्याचा विचार करण्यापूर्वी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी व समुपदेशन आवश्यक ठरते. अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू काढून स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र उपलब्ध आहे. त्या दांपत्यास आम्ही त्या मार्गाकडे पाठविले. आमच्या सात महिन्यांत पत्नीचे वय चौतिशीवरून पस्तिशीवर गेले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

अहवाल वाचताना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहाव्या आवृत्तीतील किमान संदर्भमूल्ये हाताशी ठेवावीत : प्रमाण १.४ मिलीलिटर, प्रतिमिलीलिटर शुक्राणू १ कोटी ६० लक्ष, एकूण ३ कोटी ९० लक्ष, एकूण गतिशील ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, प्राकृत आकाराचे ४ टक्के. अनेक प्रयोगशाळांच्या छापील कागदावर अद्याप जुने दोन कोटी आणि आकाराचे तीस टक्के हेच आकडे असतात. त्यामुळे प्राकृत पुरुष घाबरून येतो. उलट, ही मूल्ये म्हणजे अपत्य होण्याची हमी नव्हे. दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर नमुना घ्यावा, शक्यतो प्रयोगशाळेतच. घरी घेतल्यास शरीराच्या उबेत ठेवून अर्ध्या तासात पोहोचवावा. पहिल्या सदोष अहवालावर निदान करू नये, परीक्षण पुन्हा करवावे.

शुद्ध शुक्राच्या लक्षणांत माधुर्याचा उल्लेख आहे आणि वीर्यात फ्रुक्टोज सापडते, हे पाहून टाळ्या वाजविणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. त्यापेक्षा चरकोक्त आठ शुक्रदोष, म्हणजे फेनिल, तनु, रूक्ष, विवर्ण, पूती, पिच्छिल, अन्यधातूपसंसृष्ट व अवसादी, हे अहवालाशेजारी ठेवून रुग्णागणिक नोंद करणे अधिक फलदायी ठरेल. रक्तमिश्रित वीर्य, पूयपेशींनी दूषित वीर्य, एक तासानंतरही न विरघळणारे पिच्छिल वीर्य या अवस्थांत दोषविचार व प्रयोगशाळा एकमेकांस पूरक ठरतात.

बीज निराळे, ध्वज निराळा

क्लैब्याचे चार प्रकार चरकांनी सांगितले आहेत : बीजोपघातज, ध्वजोपघातज, जराज व शुक्रक्षयज. यातील पहिल्या दोहोंची गल्लत हे आजच्या वाजीकरण-बाजाराचे भांडवल आहे. उत्थान उत्तम असूनही बीज शून्य असू शकते, आणि ध्वजभंगाच्या रुग्णाचे शुक्राणू विपुल असू शकतात. औषधविक्रेत्याकडे 'मूल होत नाही' म्हणून आलेल्यास उत्थानाची गोळी दिली जाते ती या गल्लतीतून.

उत्थानाची क्रिया रक्ताची आहे. शिश्नात वरच्या अंगास दोन व खालच्या अंगास एक अशी तीन स्तंभाकार स्पंजसदृश ऊती असतात. उद्दीपनाने वातनाडी व सिराभित्ती यांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, स्नायुतंतू शिथिल होतात, कोटरे रक्ताने भरतात आणि भरलेली कोटरेच बाहेर जाणाऱ्या सिरांना दाबून धरतात. नायट्रिक ऑक्साइडच्या रक्तवाहिन्यांतील कार्याविषयीच्या संशोधनास १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्यामुळे तेथील अवरोध आधी प्रकट होतो. पन्नाशीतील मधुमेही अथवा तंबाखूसेवी पुरुषाने ध्वजभंगाची तक्रार केली, तर ती कित्येकदा दोन-चार वर्षांनी येऊ पाहणाऱ्या हृद्रोगाची पूर्वसूचना असते. रक्तदाब, शर्करा, मेद तपासल्यावाचून अशा रुग्णास केवळ वाजीकरण देणे म्हणजे दूताला पाहुणचार करून निरोप न वाचणे होय.

तिसरा वर्ग तरुणांचा. मूत्राबरोबर 'धातू जातो' या भयाने खंगलेल्या या रुग्णांचे डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नामकरण केले. मूत्रातील गढूळपणा बहुधा फॉस्फेटचा असतो. परीक्षानलिकेत शिरकाम्लाचे, म्हणजे ॲसेटिक आम्लाचे, चार थेंब टाकताच तो नाहीसा होतो. रुग्णाच्या डोळ्यांदेखत हे करावे. शब्दांहून लवकर पटते. शुक्र दुधातील तुपाप्रमाणे सर्व शरीरात व्यापलेले आहे, या शास्त्रवचनाचा उपयोगही भय घालविण्यासाठी करावा, वाढविण्यासाठी नव्हे. 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' हे लोकप्रवाद चिकित्सकाच्या तोंडी येऊ नयेत.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

या परिसंघातील फार्मसीधारकांशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. 'शुद्ध वनस्पतिज' म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक उत्पादनांत सिल्डेनाफिल अथवा त्याची भावंडे मिसळलेली सापडल्याच्या सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार प्रसिद्ध केल्या आहेत. सिल्डेनाफिल हे शेड्यूल एचमधील, चिकित्सकाच्या पत्रावरच द्यावयाचे औषध आहे. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत गेले, तर रक्तदाब कोसळून प्राणांवर बेतू शकते. जो रुग्ण आधुनिक गोळी हृद्रोगामुळे टाळतो, तोच 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून आपल्या दुकानात येतो. भेसळीचा धोका याच रुग्णाला सर्वाधिक असतो. कोणतेही चूर्ण अर्ध्या-एक तासात हमखास गुण देते असा पुरवठादाराचा दावा असेल, तर तो माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज स्वीकारू नये. तपासणीचा खर्च नाममात्र असतो, असे आम्ही म्हणत नाही. पण परवाना गमावण्याहून तो कमीच असतो.

कुचला, अहिफेन, भांग, धत्तूर यांचे कल्प या वर्गात पूर्वीपासून आहेत. ही द्रव्ये औषध नियमावलीच्या शेड्यूल ई (१) मध्ये येतात व त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. संभोगसामर्थ्य वाढविण्याच्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने निषिद्ध आहेत. दुकानाच्या काचेवरील घोड्याचे चित्रही मग विचार करण्याजोगे ठरते.

चांगल्या द्रव्यांची बाजू दुबळी नाही. कवचबीजात एल-डोपा असते. लखनौ येथील अभ्यासकांनी २००९ मध्ये वंध्य पुरुषांत प्रतिदिनी ५ ग्रॅम कवचबीजचूर्ण तीन महिने देऊन शुक्राणूंची संख्या, गती व स्रावांचे प्रमाण यांत सुधारणा नोंदविली. येथे मात्रा ५ ग्रॅमची होती. अर्ध्या ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये सात द्रव्ये भरून तोच आधार लेबलवर सांगणे योग्य नव्हे. कवचबीज दुधात शिजवून, टरफल काढूनच घ्यावे. श्वेतमुसळीचे एक शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलेले आहे, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. ही मुंबईकर अभिमानाची गोष्ट खरी, पण बाजारात तिच्या नावाने अन्य मुळेही येतात. लहान व मोठे गोखरू यांची अदलाबदलही नित्याची. आणि शोधनावाचून, अग्निविचारावाचून दिलेले वृष्य मलिन वस्त्रावर रंग चढविण्यासारखे आहे, हे आपण सारे शिकलो आहोतच.

तासांचे काम

शेवटी एक अवस्था, जिच्यात आठवडे नव्हे, तास मोजावे लागतात. बारा ते अठरा वयाच्या मुलास एकाएकी, बहुधा पहाटे, एका वृषणात तीव्र शूल उठतो, उलटी होते, वृषण वर ओढला गेलेला व आडवा दिसतो. मांडीच्या आतील बाजूस बोटाने रेघ ओढली असता वृषण वर सरकण्याची प्राकृत प्रतिक्रिया सहसा मिळत नाही. ही वृषणरज्जूची पीळ होय. सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर वृषण बहुधा वाचतो. चोवीस तासांनंतर क्वचितच. कित्येकदा मुलगा लाजेने केवळ 'पोटात दुखते' एवढेच सांगतो. म्हणून किशोरवयीन मुलाच्या उदरशूलात वस्त्र दूर करून फलकोश पाहावाच. येथे दशांगलेप नाही, एरंडपत्राचा शेक नाही, सोनोग्राफीची उद्याची वेळही नाही. त्याच क्षणी शल्यचिकित्सकास दूरध्वनी करून मुलास वाहनात बसवावे.

वेदनारहित, कठीण, जड गाठ हा दुसरा विषय. पंधरा ते पस्तीस वयातील अशी गाठ अर्बुदाची समजून पुढे पाठवावी. फलकोशातून सुई घालून पाणी काढण्याचा मोह कदापि होऊ नये. मूत्रज वृद्धी असेल तर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश आरपार दिसतो, आंत्रज असेल तर खोकल्याने आघात लागतो आणि वृद्धीच्या वर बोट पोहोचत नाही. तिसरा विषय अर्भकाचा. सहा महिन्यांपर्यंत न उतरलेला वृषण नंतर सहसा आपण होऊन उतरत नाही. एक ते दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. सुवर्णप्राशनासाठी बालके आपल्याकडे दर पुष्य नक्षत्रास येतातच. त्या रांगेत प्रत्येक मुलाचा फलकोश एकदा चाचपून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. गेल्या दोन वर्षांत आम्ही ते सुरू केले, आणि तीन बालकांना वेळेत पुढे पाठविता आले.